उतारवयात बुद्धविचाराची वाट धरताना

निवृत्तीनंतर, जोडीदाराच्या वियोगानंतर किंवा दीर्घ आजाराच्या काळात अनेक ज्येष्ठांना बुद्धविचार जाणून घ्यावासा वाटतो. ‘या वयात सुरुवात करता येईल का? मांडी घालून बसता येत नाही,’ असा प्रश्न ते दवाखान्यात विचारतात. उत्तर होकारार्थी आहे. जरा, व्याधी आणि मरण यांच्या चिंतनातून जो विचार उदयास आला, तो समजून घेण्यास उतारवय हा अडथळा नव्हे. मात्र सुरुवात कोठून करावी आणि प्रकृतीची कोणती काळजी घ्यावी, हे आधी समजून घेतलेले बरे.

दोन शब्दांचा खुलासा

‘वेदना’ म्हणजे आपल्या भाषेत दुखणे. पालीमध्ये मात्र वेदना तीन प्रकारची असते: सुखद, दुःखद आणि या दोन्हींपैकी कोणतीही नसलेली. ‘उपेक्षा’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पालीतील ‘उपेक्खा’ म्हणजे मनाचा समतोल. अंथरुणाला खिळलेल्या आईची हेळसांड करणे आणि तिची शुश्रूषा करताना मनाचा तोल राखणे, यांत किती अंतर आहे! हा फरक ध्यानी न घेतल्यास बुद्धविचार कोरडा आणि अलिप्त वाटू लागतो.

संयुत्त निकायातील एका सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला होणारे दुखणे हा पहिला बाण. त्यावर मनाने केलेला आक्रोश, ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न, उद्याची धास्ती, हा दुसरा बाण. संधिवाताच्या रुग्णाला दोन्ही बाण परिचयाचे असतात. पहिल्यासाठी औषध आहे. दुसरा सौम्य करण्यासाठी मनाला सराव द्यावा लागतो. 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेच्या आधारे काही आठवड्यांचा उपक्रम सुरू केला. जुनाट दुखण्याचे रुग्ण त्यात सहभागी होत असत.

शुश्रूषेचा धर्म

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी त्याला स्वच्छ केले आणि उचलून शय्येवर निजवले. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असे बुद्धांनी त्यानंतर भिक्षूंना बजावले.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध नीट तयार करता येणे, पथ्य-अपथ्य ओळखणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रभावाने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न बाळगणे आणि रुग्णाला वेळोवेळी धीराचे शब्द सांगणे. रुग्णाचीही कर्तव्ये तेथे आहेत: पथ्य पाळावे, हितकर गोष्टीतही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, त्रास जसा आहे तसा सांगावा आणि दुखणे धीराने सोसावे. मुलांना काळजी नको म्हणून छातीतील दुखणे लपवणाऱ्या आजी-आजोबांनी यातील चौथे कर्तव्य अवश्य ध्यानात ठेवावे.

सुरुवात कशी करावी?

वाचनासाठी मराठीत उत्तम साधने आहेत. गोव्यातील सांखवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’ हे चरित्र मूळ मराठीतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मराठी अनुवादात उपलब्ध आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांत त्याचे सामूहिक वाचन होते. दृष्टी अधू असलेल्यांना हे श्रवण सोयीचे ठरते आणि एकटेपणही हलके होते.

आचरणाचा आरंभ पंचशीलापासून होतो: हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहणे. यासाठी शरीराच्या बळाची आवश्यकता नाही.

त्यानंतर आनापान, म्हणजे श्वासाचे निरीक्षण. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे, पाऊले जमिनीला टेकवावीत. श्वास मुद्दाम दीर्घ करू नये वा रोखू नये. तो जसा चालला आहे तसा केवळ जाणावा. मन भटकले की शांतपणे परत आणावे. प्रारंभी पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. उठताना घाई करू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास भोवळ येऊन तोल जाऊ शकतो.

शिबिरापूर्वी

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे इगतपुरी व अन्यत्र होतात. दिनक्रम पहाटे चारला सुरू होतो, मौन पाळावे लागते, दुपारच्या भोजनानंतर पूर्ण जेवण नसते. नवीन साधकांना सायंकाळी चहा व फळे मिळतात. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात, अर्जात आजारांची पूर्ण माहिती द्यावी आणि खुर्चीची गरज आधीच कळवावी. तीव्र मनोविकार असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीविना दीर्घ ध्यानशिबिरास जाऊ नये. ध्यानाने बरे वाटू लागले म्हणून रक्तदाब, मधुमेह किंवा नैराश्याचे औषध स्वतःहून कदापि बंद करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे राहिली, तर ध्यान वाढवण्याऐवजी डॉक्टरांना भेटावे.

काळजीवाहकांसाठी

शुश्रूषा करणाऱ्यांनी मैत्रीभावनेपासून प्रारंभ करावा. तिचा प्रचलित क्रम स्वतःपासून सुरू होतो: ‘मी सुखी असो’, मग आप्त, मग अपरिचित आणि शेवटी ज्याच्यावर आपला राग आहे तो. रात्रभर जागून थकलेल्या सुनेला किंवा मुलाला स्वतःचे सुख चिंतणे हा स्वार्थ वाटतो. परंपरेने मात्र त्यालाच पहिले स्थान दिले आहे. रुग्ण दुपारी झोपला असताना दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत आणि तेवढा वेळ घरातील दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे.