वाचोपचाराचा परवाना आणि राज्यांच्या सीमा

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, असे दिसले की घरातील वडील माणसे ‘बोलेल उशिरा’ म्हणून धीर देतात. वस्तुतः त्या वेळी गरज असते ती श्रवणतज्ज्ञाची आणि वाचोपचारतज्ज्ञाची. धामणगावच्या पालकाला त्यासाठी अमरावती-नागपूर गाठावे लागते. आता मोबाइलच्या पडद्यावरून म्हैसूरचा तज्ज्ञही भेटू शकतो. मग साहजिकच प्रश्न उठतो : परराज्यातील तज्ज्ञाला आपल्या मुलावर उपचार करण्याचा अधिकार आहे काय?

अमेरिकेत हा प्रश्न बिकट आहे. तेथे प्रत्येक राज्य आपला परवाना स्वतंत्रपणे देते आणि उपचार दुरून केला तरी सामान्यतः रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील परवाना लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी तेथील राज्यांनी आपसांत करार मांडला. 10 राज्यांनी कायदा करून तो स्वीकारल्यावर तो अस्तित्वात यावा, अशी अट होती. ती पुरी झाली. एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या करारबद्ध राज्यात काम करण्याची मुभा, हा त्याचा गाभा.

आपल्याकडे अशा कराराची गरजच पडली नाही. संसदेने 1992 साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला व 1993 पासून तो अमलात आला. श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांची नोंद केंद्रीय नोंदवहीत होते आणि नोंद असलेल्यास भारतात कोठेही व्यवसाय करता येतो. नोंद नसताना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून पालकांनी संकोच न करता नोंदणी क्रमांक विचारावा व त्याची मुदत पाहावी. श्रवणयंत्र विकणारा प्रत्येक जण श्रवणतज्ज्ञ असतोच असे नाही.

परंतु नोंदवहीने राज्याची सीमा ओलांडता आली, तरी भाषेची सीमा उरतेच. आमच्या वऱ्हाडात अनेक घरी ‘डोळा’ हा ‘डोया’ असतो आणि ‘काळा’ हा ‘काया’. पुस्तकी मराठीची चाचणी घेणाऱ्या परक्या तज्ज्ञाला तो मुलाचा उच्चारदोष वाटेल, आणि ज्या आजीकडून मूल शब्द शिकले तिचेच बोलणे सदोष ठरेल! उलट, ‘इकडे असेच बोलतात’ असे समजून खरा दोष नजरेआड होण्याचाही धोका आहे.

तेव्हा तज्ज्ञाकडे जाताना घरात कोण कसे बोलते, हे आपण आधी सांगावे. शक्य तर आजी-आजोबांनाही बरोबर न्यावे. तज्ज्ञ लायक आहे की नाही, हे नोंदवही सांगेल. मुलाची बोली कोणती, हे सांगणे मात्र आपलेच काम आहे.