आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

पावसाळा सरला की निरभ्र रात्री आकाशगंगेचा अंधुक पट्टा माथ्यावर उजळतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्याकडे अक्षयतेचे प्रतीक म्हणून पाहत आलो आहोत. परंतु संसारी माणसाप्रमाणे आकाशगंगेलाही जमाखर्च सुटलेला नाही, हे सत्य खगोलशास्त्राने आता उघड केले आहे.

आपली आकाशगंगा ही सर्पिल दीर्घिका आहे. ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेला, मुख्यत्वे हायड्रोजनचा वायू हे तिचे भांडवल. या वायूतून दरसाल सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे नवे तारे घडतात. या गतीने शिलकीतला वायू काही अब्ज वर्षांतच संपावा. दीर्घिकेचे वय तर दहा अब्ज वर्षांहून अधिक! बसून खाल्ले तर कुबेराचे भांडारही पुरत नाही. मग हा संसार इतका काळ चालला कसा?

या प्रश्नावर दोन साक्षी उपलब्ध आहेत. पहिली वायूच्या गतीची. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीची क्षीण रेडिओलहर सोडतो, हे भाकीत हॉलंडच्या व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ साली केले आणि १९५१ साली ती लहर प्रत्यक्ष पकडली गेली. वायू आपल्याकडे येत असेल तर ही तरंगलांबी किंचित घटते, दूर जात असेल तर वाढते. या मोजमापातूनच दीर्घिकेच्या चक्राबाहेरचे, आपल्या दिशेने वेगाने येणारे वायुमेघ १९६३ साली आढळले.

दुसरी साक्ष रासायनिक घटकांची. प्राणवायू, लोह यांसारखी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या भट्टीत तयार होतात आणि तारे मरताना वायूत मिसळतात. साहजिकच जेथे ताऱ्यांच्या अधिक पिढ्या होऊन गेल्या, तेथील वायू अधिक संपन्न. सर्पिल दीर्घिकांच्या अंतर्भागात प्राणवायूचे प्रमाण जास्त असते आणि कडेकडे ते उतरत जाते, हे लेनर्ड सर्ल यांनी १९७१ साली दाखवून दिले. उलट बाहेरून येणाऱ्या काही मेघांत ही जड द्रव्ये सूर्याच्या मानाने बरीच कमी आढळतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. हा सारा घरातलाच जुना वायू परत येत नाही. बाहेरून ताजी आवकही होत आहे.

ही आवक मंदावली तर काय होते? याचे उत्तर आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातून आले, ही विशेष समाधानाची गोष्ट होय. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून नारायणगावजवळ खोडद येथे साकारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महाकाय दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र केले आणि सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा त्यांचा हायड्रोजन मोजला. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तो साठा जेमतेम एक-दोन अब्ज वर्षे पुरणारा होता. पुढील काळात विश्वात ताऱ्यांचे जन्म घटले, त्याचे कारण ही अपुरी आवकच असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

परंतु हीच म्हण आम्हांस आज वेगळ्या अर्थाने आठवते. विश्वप्रसरणामुळे त्या दूरच्या दीर्घिकांची २१ सेंटिमीटरची लहर येथे पोहोचेपर्यंत दुपटीच्या आसपास ताणली जाते आणि नेमकी मोबाईल दूरध्वनीच्या लहरींच्या शेजारी येऊन बसते. हजारो दीर्घिकांची कुजबुज एकवटून ऐकणाऱ्या या कानाला शांतता हवी. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग दुर्बिणीच्या परिसरातून नेण्याचे घाटले, तेव्हा शास्त्रज्ञांना हरकत घ्यावी लागली, ती याचसाठी.

रेल्वे हवी, दूरध्वनीही हवा. त्यांना विरोध करण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण लोहमार्ग वळवता येतो, मनोरा हलवता येतो. गोंगाटात बुडालेली लहर मात्र कोणत्याही खर्चाने परत मिळत नाही. ज्ञानाच्या आडातही कोणीतरी सतत पाणी येऊ द्यावे लागते. ते झरे आपणच बुजवले, तर उद्याच्या पिढीने रिकाम्या पोहऱ्याचा दोष कोणाला द्यावा?