बॅगेतल्या सुया

ऑफिसच्या बॅगेत लोकरीचा गुंडा असतो, पण सहकारी हसतील म्हणून सुया बाहेर निघत नाहीत. पुरुषांच्या तर नाहीतच. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त आलेल्या पाहणीत ३,५४५ जणांनी उत्तरे दिली. वारंवार विणणाऱ्यांना अधिक शांत, आनंदी वाटत होते. (अर्थात, ही विणणाऱ्यांचीच साक्ष!) लपवालपवीत हा विसावा उणावू शकतो. मायकेल स्लेपियन व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनानुसार, कोणतेही गुपित लोकांसमोर झाकताना जितके छळत नाही, तितके एकटे असताना मनात घोळून छळते. टॉम डेली टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रेक्षकांत बसून बिनधास्त विणत होता. तेवढे धाडस नसेल, तर एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला सांगावे. जेवणाच्या सुट्टीत चार ओळी सहज होतात.