ऊन न सोसणारे लेकरू

स्वारगेट एसटी स्टँडबाहेर फळे विकणारी, मार्केट यार्डात हमाली करणारी आपली माणसे दिवसभर ऊन सोसतात. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशींतला डीएनए बिघडवतात. पण पेशी बिघडलेला तुकडा कापून टाकते आणि नवा भरते, फाटक्या कापडाला ठिगळ लावावे तसा. हे काम चालते डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांमुळे. या दुरुस्तीचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

काही मोजक्या बाळांत ही जनुकेच बिघडलेली असतात. या आजाराचे नाव झेरोडर्मा पिगमेंटोझम. थोड्या उन्हानेही कातडी भाजते, दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर काळे ठिपके उठतात, कातडी कोरडी पडते, उजेडात डोळे उघडवत नाहीत. काळजी घेतली नाही तर लहान वयातच कातडीचा कर्करोग होतो. यातल्याच एका जनुकात वेगळा बिघाड झाला, तर केस ठिसूळ होऊन तुटतात.

असे मूल झाले की आईला बोल लावतात. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कोणी करणी केली, असे म्हणतात. आम्ही ठामपणे सांगतो, यात ग्रहणाचा संबंध नाही आणि आईचा दोष नाही. बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. दोघे स्वतः निरोगी असतात, पण प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न, अशा जवळच्या नात्यात हा धोका वाढतो.

अशी लक्षणे दिसली तर अंगारा-दोरा नको. ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आजार मुळापासून बरा होत नाही, पण जपल्याने आयुष्य वाढते. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल, डॉक्टरांनी दिलेले सनस्क्रीन हवे. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, तेही डॉक्टरांना विचारा. नवी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर थांबू नका. शाळेत शिक्षकांना सांगून लेकराला खिडकीपासून दूर बसवा, पण शाळा सोडवू नका.

आणि ‘डीएनए दुरुस्त करणारा’ म्हणून महाग शाम्पू कोणी विकला, तर पैसे घालवू नका. डोक्यावर दिसणाऱ्या केसात जिवंत पेशीच नसते, मग दुरुस्ती कशाची? तेच पैसे लेकराच्या टोपी-गॉगलला लावा.