राज्याची हद्द ओलांडणारा ट्रक : कोणते कागद, कोणते हक्क

सांगलीची हळद दिल्लीला जाते, इचलकरंजीचे कापड राजस्थानात प्रोसेसिंगला जाते. वाटेत गाडी अडली तर रात्र रस्त्याच्या कडेला काढतो तो ड्रायव्हर. कागद मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणी केलेले असतात. म्हणून नियम जसे मालकाला ठाऊक हवेत, तसे ते स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाही ठाऊक हवेत.

नाके उठले, तपासणी राहिली

३० जून २०१७ पर्यंत मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोलीच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. १ जुलैला जीएसटी लागू झाला, मुंबईची जकात संपली आणि राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाकेही उठले. तेव्हापासून कराची तपासणी जीएसटी खात्याची फिरती पथके करतात, आणि ती हद्दीवरच उभी असतील असे नाही. परमिट, फिटनेस आणि वजन पाहणारे परिवहन खाते, म्हणजे आरटीओ, वेगळे. एका खात्याने गाडी सोडली म्हणून दुसरे सोडेल, असे समजू नये.

नॅशनल परमिट

मालवाहू गाडीला परमिट लागते ते मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार. पूर्वी नॅशनल परमिट घेताना आपल्या राज्यासह किमान चार लगतची राज्ये निवडावी लागत आणि प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे भरावे लागे. २०१० मध्ये ही पद्धत बदलली. आता वर्षाला १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क भरले की गाडी देशभर चालते. गाडी बारा वर्षांपेक्षा जुनी असेल तर हे परमिट मिळत नाही. मल्टि-अ‍ॅक्सल गाडीसाठी ही मर्यादा पंधरा वर्षांची आहे.

या परमिटची एक अट परतीच्या भाड्याच्या वेळी आडवी येते. गाडी महाराष्ट्राची असेल, तर तिला गुजरातमधल्या एका गावात माल भरून गुजरातमध्येच दुसऱ्या गावी उतरवता येत नाही. सुरतेहून पुण्याचे भाडे चालेल, सुरतेहून राजकोटचे नाही. रिकामी गाडी परत आणणे कुणालाच परवडत नाही. त्यामुळे ‘जाता जाता एवढे टाका’ म्हणणारा दलाल भेटला की मोह होतो, पण परमिटभंगाचा भुर्दंड शेवटी गाडीमालकावरच पडतो.

गाडीची कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये दाखवली तरी चालतात, कागदी प्रतीचा आग्रह धरता येत नाही.

ई-वे बिल

खरी अडवणूक होते ती इथे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल ५० हजार रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे आहे. जॉबवर्कसाठी मालकाने परराज्यात माल पाठवला, तर ही ५० हजारांची मर्यादाही लागू होत नाही. थोड्या किमतीच्या कापडालाही बिल हवेच. उलट ताजा कांदा, ताजी भाजी यांना ई-वे बिल लागत नाही. कांद्याची गाडी भरणाऱ्याला तेवढा एक घोर कमी.

बिलाचे दोन भाग असतात. पार्ट ए मध्ये माल, किंमत आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचा तपशील, तर पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. मुदत मोजली जाते ती पार्ट बी भरल्यापासून, दर २०० किलोमीटरला एक दिवस. २०२१ च्या सुरुवातीपर्यंत हा हिशेब १०० किलोमीटरचा होता. अंतर ९०० किलोमीटर असेल तर पाच दिवस मिळतात. दहा तारखेला दुपारी बिल केले, तर पहिला दिवस अकरा तारखेच्या मध्यरात्री संपतो.

घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर ती गाडी हलण्यापूर्वी पार्ट बी मध्ये नवा नंबर भरायला हवा. मुदत संपत आली असेल, तर संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. ही सोळा तासांची सवलत ड्रायव्हरला सांगितलेलीच नसते, याचे मला वाईट वाटते. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला एक फोन वेळेवर गेला, तर पुढचे सगळे टळते.

पथकाने गाडी अडवली तर

तपासणीचा थोडक्यात अहवाल अधिकाऱ्याने २४ तासांत ई-वे बिलाच्या पोर्टलवर भरायचा असतो, अंतिम अहवाल तीन दिवसांत. गाडी ३० मिनिटांहून जास्त थांबवून ठेवली, तर वाहतूकदार त्याची नोंद पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ या नमुन्यात करू शकतो. शिवाय एकदा मालाची प्रत्यक्ष तपासणी झाली, की त्या प्रवासात करचुकवेगिरीची नेमकी खबर असल्याशिवाय ती पुन्हा करता येत नाही, राज्य बदलले तरीही.

गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे चुकले, नावाचे स्पेलिंग चुकले, तर माल जप्त करू नये, असे सप्टेंबर २०१८ चे केंद्राचे परिपत्रक सांगते. अशा किरकोळ चुकीला आंतरराज्य वाहतुकीत दंड फक्त १,००० रुपये.

मोठी चूक मात्र महागात पडते. पाच टक्के कराचा दहा लाखांचा माल बिलाविना सापडला आणि मालाचा मालक पुढे आला, तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे एक लाख. मालक पुढे आलाच नाही, तर मालाच्या किमतीच्या निम्मा किंवा कराच्या दुप्पट, यांतला जास्त. इथे तो पाच लाखांवर जातो. अशा वेळी दंड किंवा एक लाख रुपये, यांत जे कमी असेल ते भरून वाहतूकदाराला निदान आपली गाडी सोडवून घेता येते. माल कुणाचा, याचे भांडण मिटेपर्यंत गाडी अडकवून ठेवायची गरज नाही.

वजन

२०१८ मध्ये अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली आणि सर्वांत मोठ्या गाड्यांचे मालासह एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. त्याहून जास्त भरले तर कायद्यात दंड आहे २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ शकत नाही. वजनकाट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४० हजार.

बिल्टी आणि नुकसानभरपाई

माल वाटेत भिजला किंवा गहाळ झाला, तर कॅरेज बाय रोड कायदा, २००७ लागू होतो. तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्याआधी १८६५ चा ब्रिटिशकालीन कायदा चालत होता. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखीम लेखी स्वीकारून घेतली नसेल, तर ट्रान्सपोर्ट कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरती मर्यादित राहते. वीस हजार भाड्याच्या आठ लाखांच्या मालाला त्यातून फार तर दोन लाख मिळतील. म्हणून किमती माल पाठवताना बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, किंमत आणि जोखीम लिहून घ्यावी, आणि नुकसान झाले तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस द्यावी. ही नोटीस दिलेली नसेल, तर दावा दाखल करता येत नाही.