जुनी कॅसेट हाती आली तर आधी काय कराल?

नगर जिल्ह्यात लोकसाहित्यावर काम करणार असाल, तर कुणाच्या तरी घरी आजीच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट निघू शकते. शिर्डीत दुकानांतून विकल्या गेलेल्या आरत्यांच्या कॅसेटच्या प्रती पुष्कळ आहेत. घरी रेकॉर्ड केलेली मात्र बहुधा एकच.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. रेकॉर्डर खिशात मावायला हवा, म्हणून लू ऑटेन्स यांनी आधी लाकडी ठोकळा करून माप ठरवलं होतं. त्या मापाची किंमत आपण आज मोजतो. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे सी-९० च्या ४५ मिनिटांच्या एका बाजूला जवळपास १३० मीटर फीत लागते. एवढी फीत त्याच डबीत बसवायची तर ती पातळच हवी. त्यामुळे सी-६० पेक्षा ती लवकर ताणली जाते, गुंतते.

आवाज साठतो तो फितीवरच्या चुंबकीय कणांत. त्यावर दुसरं रेकॉर्डिंग झालं की पहिलं गेलंच. म्हणून मालकांना विचारून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब आधी तोडा. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. प्लेअरचं हेड पुसा, मगच लावा. आणि हो, ९० मिनिटांची कॅसेट नीट उतरवायला ९० मिनिटंच लागतात. फील्डवर्कच्या वेळापत्रकात तेवढा वेळ धरा.