जुळणाऱ्या पेशींचा शोध
रे रोडहून जवळच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूणापासून ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ या मूलपेशींच्या, अर्थात स्टेम सेलच्या, दोन मालिका सिद्ध झाल्या. परंतु पेशींवरील ‘एचएलए’ ही ओळखखूण माता-पित्यांकडून अर्धी-अर्धी येते आणि परकी खूण दिसताच शरीर त्या पेशी नाकारते. मग दोन भ्रूणांच्या खुणा अठरापगड समाजाला कशा पुरणार? सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्केच असते. म्हणूनच अशा पेढीत सर्व समाजांचा वाटा हवा. भ्रूणाच्या वापराविषयी अहिंसाव्रती मनाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी, रक्तविकाराने पीडित रुग्णास प्रौढ दात्याने आपल्या रक्तमूलपेशी देण्याचा मार्ग खुला आहे. नोंदणीस गालाच्या आतील पेशींचा नमुना पुरतो. या दानात जीवघात नाही, जीवदान आहे.